मदत हवी आहे : स्टेंटनंतर रोलर कोस्टरमध्ये बसावे का?
माझे वय ६३ असून दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे आणि मानेच्या मणक्यांची झीज आहे ती वेगळीच. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका मनोरंजन उद्यानात 'नायट्रो' या रोलर कोस्टरमध्ये आजोबांनी शेजारीच बसायचे, असा नातवाचा हट्ट आहे. (सौ.ने आधीच हात जोडले आहेत.) पाय अधांतरी ठेवून उलटेपालटे फिरवणाऱ्या त्या पाळण्यात छातीपेक्षा मला मानेचीच धास्ती अधिक वाटते, कारण रिक्षा खड्ड्यात आदळली तरी डाव्या करंगळीपर्यंत मुंग्या येतात. हृदयरोगतज्ज्ञांना विचारणारच आहे. परंतु अशा अवस्थेत कोणी प्रत्यक्ष बसले असल्यास मानेला झटके कितपत जाणवले आणि बसण्यापूर्वी तेथील कर्मचारी आजाराची चौकशी करतात का, हे कृपया कळवावे.