धुळघाटवरून पुन्हा गाडी जावी का?

वऱ्हाडी प्रवासी: अकोला-खंडवा मीटरगेज (अरुंद रुळांची) रेल्वे २०१७ मध्ये बंद पडली. अकोटपर्यंत ब्रॉडगेज (रुंद रुळांची) झाली, २०२२ पासून गाडीही धावते. पुढची मेळघाटातली वान रोड, धुळघाट ही स्टेशनं मात्र ओस. धुळघाटला सातपुड्याचा चढ इंजिनाला झेपावा म्हणून रूळ गोल फिरवून स्वतःवरूनच नेले होते. लोक त्याला ‘चारचा आकडा’ म्हणत. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस इथूनच जायची. उत्तर-दक्षिण जोडणारी लाईन होती ही! जुन्याच मार्गाने ब्रॉडगेज करा. जागा रेल्वेचीच आहे, जंगल नव्याने तोडावं लागणार नाही.

रानवाट: अजिबात पटत नाही. एवढं तीव्र वळण ब्रॉडगेजला चालत नाही. म्हणजे नवी आखणी, नवे बोगदे, नवी तोड. शिवाय रखडत जाणारी मीटरगेज वेगळी आणि रात्रभर धडधडणाऱ्या मालगाड्या वेगळ्या. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. केलपाणी, गुल्लरघाट, धारगडच्या लोकांना याच वाघासाठी घरदार सोडावं लागलं. त्यांना उठवलं आणि रेल्वेला वाट दिली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मेळघाटाला वळसा घालून हिवरखेड-सोनाळा-जामोदवरून न्या.

सोनाळेकर: रानवाट यांना पाठिंबा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आजवर रेल्वे नाही. आमची केळी, संत्री ट्रकनेच जातात.

धारणीवाला: तुमाले रेल्वे भेटन, चांगलंच हाय. पण धुळघाटच्या कोरकू आदिवासी मानसाचं काय? अकोट नाही तं खंडव्याले जायाले त्याच्यापाशी तेवढी एकच गाडी होती. दवाखाना, बाजार, मजुरी, सारं त्याच गाडीवर. आता अमरावती गाठाची तं सेमाडोह-परतवाड्याचा घाट उतरा. वाघाच्या नावानं गाव उठवलं तवाबी आमीच, अन् गाडी गेली तवाबी आमीच.

रानवाट: धारणीवाला, तुमचं म्हणणं खरं आहे, ते खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तरी मालगाड्यांना माझा विरोध कायम. धुळघाटहून अकोटला दिवसातून ठरलेल्या वेळी एसटी मिळावी, ही मागणी वळणमार्गाच्या मागणीसोबतच लिहून द्यायला हवी.

धारणीवाला: एसटी पयले चालू करा, मंग वळसा मांगा. आमी सही करतो.