टेस्टिंग रूममध्ये वाइन थुंकली तर अपमान होतो का?

प्रश्न

शनिवारी मैत्रिणींबरोबर वायनरीत जायचंय. माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी सहा वाइन चाखल्या आणि सहाही गिळल्या. तिसरीपर्यंत फरक कळत होता, चौथीपासून सगळ्या सारख्याच लागायला लागल्या. काउंटरवर थुंकायला भांडं होतं, पण कुणीच वापरत नव्हतं, मग माझंही धाडस झालं नाही. थुंकलं तर वाइन आवडली नाही असा अर्थ घेतात का?

आणखी एक. ओतणारी मुलगी दर वेळी विचारायची, "कशाचा वास येतोय?" मी नुसतं "छान आहे" म्हणत राहिले. खरं तर दुसऱ्या ग्लासात मला चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास आला होता. वाइनला मिरचीचा वास येतो असं कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले. ते अजून मनात राहिलंय.

प्रतिसाद १

खुशाल थुंका. वाइन बनवणारेसुद्धा कामावर चाखतात ते थुंकूनच, नाहीतर दुपारपर्यंत कामाचे राहणार नाहीत. दर ग्लासात ५० मिली धरली तरी सहांचे ३०० मिली होतात, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतला ४० टक्के भाग. चौथीनंतर चव हरवली यात नवल नाही. घरी बेसिनवर पाणी घेऊन सराव करा, ओठांचा चंबू केला की धार सरळ जाते. मात्र थुंकलं तरी थोडं अल्कोहोल पोटात जातंच, तेव्हा गाडी चालवणारीने चाखूच नये.

प्रतिसाद २

ढोबळी मिरची! अहो, तुमचं नाक अगदी बरोबर होतं. ती सोव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, होती का? त्या द्राक्षात मेथॉक्सिपायरेझिन नावाची संयुगं असतात आणि ढोबळी मिरचीचा वासही त्यांच्याचमुळे येतो. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनच्या द्राक्षातही ती असतात. द्राक्षं पिकत जातात तशी कमी होतात, म्हणजे त्या वासावरून तोडणीबद्दलही अंदाज बांधता येतो. तुम्ही बोलला असतात तर त्या मुलीला आनंदच झाला असता.

मीही असाच गप्प बसलो होतो, म्हणून कळकळीने लिहितोय. एका ठिकाणी रेड वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. आपल्यालाच कळत नसेल म्हणून मी मान डोलावली. शेजारच्या आजींनी मात्र ग्लास परत सरकवला, "ही बाटली बिघडलीय." ओतणाऱ्याने वास घेतला, माफी मागितली आणि दुसरी बाटली उघडली. बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगाचा तो दोष. दुसऱ्या बाटलीतली तीच वाइन इतकी वेगळी होती की मी बराच वेळ नुसता वासच घेत राहिलो. तेव्हापासून जे नाकाला येतं ते बोलतो.

आणि जाणकार म्हणतील तेच खरं, असंही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला असं ओढून नेतात. म्हणून आधी ग्लास न हलवता वास घ्या, मग घोळवून पुन्हा घ्या, आणि मैत्रिणी काय म्हणतात ते ऐकण्याआधी आपला शब्द वहीत लिहून टाका.

प्रश्नकर्ती

हो, सोव्हिन्यों ब्लाँच होती! वाचून इतकं बरं वाटलं. रेड वाइननंतर जीभ कोरडी पडते, त्याला काय करायचं?

प्रतिसाद २

ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, म्हणून तोंड तुरट, कोरडं होतं. पाण्याचा घोट घ्या आणि दोन मिनिटं थांबा. म्हणूनच आधी व्हाइट, मग रेड आणि गोड वाइन शेवटी. हो, शनिवारी अत्तर लावू नका, मैत्रिणींनाही सांगा. काउंटरवर एकीने लावलं तरी सगळ्यांच्या ग्लासात तोच वास येतो.