ग्राफिटी बघायची कशी? आणि कला की विद्रूपीकरण, हे ठरवायचं कशावरून?

तिरपी_रेघ
म्युरल मला कळतं. त्यात चेहरा असतो, पक्षी असतो, काहीतरी हाताला लागतं. पण पुलाखाली आणि रेल्वेमार्गालगत जी नुसती वाकडीतिकडी अक्षरं दिसतात, त्यातलं चांगलं-वाईट कसं ओळखायचं? आणि परवानगी नसेल तर त्याला कला म्हणायचं की भिंत खराब करणं? ‘ज्याची त्याची आवड’ हे उत्तर कृपया नको.

रंगडबा
आधी प्रकार वेगळे करा. एका रंगात झटक्यात मारलेली सही म्हणजे टॅग. फुगीर अक्षरं, आत एक रंग आणि कडेला दुसरा, काही मिनिटांत उरकलेलं काम म्हणजे थ्रो-अप. कागदावर आराखडा करून, अनेक रंग वापरून, तासन्‌तास केलेला तो पीस. अक्षरं बाणांनी आणि कड्यांनी एकमेकांत गुंतवली की वाइल्डस्टाइल. ती तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेलीच नसते, तिचा वाचक दुसरा ग्राफिटीवाला. तेव्हा वाचता आली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

सुरुवात टॅगपासून करा, पीसपासून नको. पीसमधले रंग डोळे दिपवतात आणि कच्ची अक्षरं त्याखाली खपून जातात. टॅगला लपायला जागा नसते. हवेत बोटाने तो गिरवून बघा: रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली, कुठे सुटली. हात अडखळला असेल तिथे रंग साचून ओघळ आलेला दिसतो. स्प्रेचा डबा भिंतीपासून लांब धरला की कडा भुरकट होते. जवळ धरून भरभर फिरवला तर बारीक, स्वच्छ रेघ येते, पण जवळ धरून हात रेंगाळला की ओघळलंच. काही रेघा शेवटाकडे रुंद होत विरतात. तिथे रेघ चालू असतानाच डबा मागे खेचलेला असतो. हे सहज जमत नाही. (सगळेच ओघळ चुकीचे नसतात बरं का. स्पंजच्या टोकाच्या जाड मार्करने मुद्दाम ओघळ सोडतात.)

पीसमध्ये क्रम साधारण असा: फिक्या रंगात आराखडा, मग आतला भराव, रंगांची एकमेकांत उतरण, मग आउटलाइन, शेवटी चमक. आउटलाइन जाड पडली तर भरावाचा रंग पुन्हा कडेवर मारून ती कापत आणतात. धारदार कोपरे दिसले की हे कापणंच शोधा. सगळ्यात आधी मात्र एक बघा: रंग वजा केले तर अक्षरं स्वतःच्या पायावर उभी राहतात का? नसतील तर बाकी नुसती सजावट.

गिलावा
वरचं सगळं मान्य. पण भिंतीची बाजूही ऐका, कारण ‘पुसून टाकता येतं की’ हे साफ खोटं आहे.

सच्छिद्र दगडावर किंवा उघड्या विटेवर स्प्रेचा रंग आत शिरतो. वरून पातळ सॉल्व्हंट ओतून फडक्याने घासलं तर रंग विरघळतो आणि आणखी खोल उतरतो. मग जी सावली उरते ती जात नाही. म्हणून सॉल्व्हंट जेल किंवा लगद्याच्या रूपात लावतात, वर प्लास्टिक झाकून मुरू देतात, मग खरवडून कमी दाबाच्या गरम पाण्याने धुतात. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर चाचणी, हे विसरायचं नाही. जास्त दाबाचा फवारा मारला तर विटेची भाजलेली वरची कातडी निघते आणि त्यानंतर ती वीट पाणी पीत राहते.

संरक्षक लेप दोन प्रकारचे. मेणाचा लेप रंगाबरोबर गरम पाण्याने निघतो, पण प्रत्येक वेळी नव्याने द्यावा लागतो. पॉलियुरेथेनचा टिकतो, पण भिंतीचा श्वास कोंडतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर दिला तर आतल्या ओलीने फुगे येऊन पोपडे सुटतात. आणि फ्लोराइडच्या रसायनाने काचेवर कोरलेला टॅग? तिथे काच घासून पॉलिश करावी लागते, नाहीतर बदलावीच लागते. ज्या काँक्रीटला आधीच रंग दिलाय त्यावर मारलेला टॅग आणि कोरीव दगडावरचा टॅग, दोघांना एकच शब्द वापरणं मला पटत नाही.

कलम_आणि_कुंचला
तिरपी_रेघ, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत. काम कसं झालंय हे रेघ सांगते. गुन्हा आहे का हे भिंतीच्या मालकाची संमती सांगते. सुंदर काम बेकायदा असू शकतं, आणि परवानगी काढून केलेलं रटाळ म्युरल तर पावलोपावली दिसतं.

न्यूयॉर्कमधली फाइव्ह पॉइंट्झ ही ग्राफिटीने भरलेली इमारत बघा. मालकाच्या संमतीने चित्रकार तिथे वर्षानुवर्षं रंगवत होते. इमारत पाडायची म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने रातोरात सगळ्यावर पांढरा रंग फासला. अमेरिकेच्या १९९० च्या दृश्यकलाकार हक्क कायद्यात, काम काढून नेता येण्यासारखं असेल तर ९० दिवसांची लेखी सूचना देण्याची तरतूद आहे. ती वाट त्याने बघितली नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांच्या ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण ६७.५ लाख डॉलर भरपाई ठरवली आणि २०२० मध्ये अपिलातही ती टिकली. मालमत्ता त्याचीच, तरीही. उलट त्याच शहरातल्या १९९७ च्या एका निकालात, विनापरवानगी काढलेल्या भित्तिचित्रांना या कायद्याचं संरक्षण मिळालं नाही.

तिरपी_रेघ
म्हणजे दर्जाचा निवाडा आणि नुकसानीचा निवाडा वेगळा, एवढं पटलं. पण मग हे लोक आपसात काहीच बंधन पाळत नाहीत का? एकमेकांवर सर्रास मारलेलं दिसतं.

रंगडबा
पाळतात, निदान पाळायला हवं असं मानतात. टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस चालतो. उलट केलं तर ती आगळीक. खालचं नीट झाकेल इतकं मोठं आणि बरं काम हवं. वारलेल्या माणसाच्या स्मरणार्थ काढलेल्यावर कुणी हात टाकत नाही. प्रार्थनास्थळं, राहती घरं, लोकांच्या गाड्या वर्ज्य समजतात. नवशिक्याला हे ठाऊक नसतं आणि चांगल्या पीसवर आडवा टॅग मारलेला दिसला की बहुतेक वेळा तो त्याचाच.

गिलावा
‘वर्ज्य समजतात’ यातलं ‘समजतात’ ठळक करा. दगडी पुलाचा त्या यादीत समावेश नाही.

रंगडबा
नाही, आणि तो असायला हवा. यावर तुमच्याशी भांडण नाही.

तिरपी_रेघ
शेवटचं: स्टेन्सिल, म्हणजे आकार कापलेला कागदी साचा, वापरणं ही फसवणूक का?

रंगडबा
नाही, कौशल्य भिंतीवरून कापण्याच्या टेबलावर जातं, इतकंच. बंद आकाराच्या आतला तुकडा गळून पडू नये म्हणून पट्ट्या सोडाव्या लागतात; त्या पट्ट्या चित्रात मुरल्यात की खटकतात, हे बघा. डबा तिरका धरला किंवा कागद भिंतीला चिकटून बसला नाही तर रंग कडेखाली घुसतो. अनेक थरांच्या स्टेन्सिलमध्ये एक थर केसभर सरकला तरी डोळ्याभोवती खालच्या रंगाची किनार डोकावते. पहिल्यांदा तिथेच नजर टाका.