उन्हाळी शिबिरात सहा हजार वर्षांची पृथ्वी: मुलांना पाठवावं का?

ओहायोकर: आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो. शेजारच्या मुलांबरोबर आमचा आठ वर्षांचा मुलगा एका चर्चच्या उन्हाळी शिबिराला गेला. गाणी, खेळ, हस्तकला, सगळं छान होतं. पण घरी आणलेल्या चित्रवहीत डायनासोर जोडीजोडीने नोहाच्या तारवात, म्हणजे बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतल्या नावेत, चढताना दिसले आणि खाली लिहिलेलं, पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. गोष्ट म्हणून सांगितलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, मत्स्यावताराची गोष्ट आम्हीही सांगतो. हे 'विज्ञानाचा तास' म्हणून शिकवलं होतं. सरकारी शाळेत असं करता येत नाही. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईझियानाचा त्याबाबतचा कायदा रद्द केला, २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात खालच्या संघीय न्यायालयाने 'इंटेलिजंट डिझाइन'लाही, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले या मताला, विज्ञानाच्या वर्गातून बाहेर काढलं. शिबिरांना यातलं काहीच लागू नाही. कायद्याने ते बरोबर असेल, मुलाच्या दृष्टीने मला ते फार चुकीचं वाटतं.

नगरची_लेक: दादा, चर्चच्या शिबिरात नाव घातलंत, तिथे चर्चचंच शिकवणार ना? मी ख्रिस्ती आहे, माहेर नगरचं. आमचे आजोबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर असायचे, त्यांना कधी अडचण आली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ साली उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिली नाही असं सांगितलं. तेव्हा सगळ्या ख्रिस्ती लोकांना एका माळेत ओवू नका. पण आपल्या लेकरांना आपली श्रद्धा शिकवायचा हक्क आईबापांचाच आहे, त्यात तिसऱ्याने पडू नये.

वाटसरू: दोन्ही बाजू सांगा, मुलं ठरवतील. आणि केंटकीत १९९६ सालीच सुरू झालेल्या 'कॅम्प क्वेस्ट'चं काय? ते निरीश्वरवादी घरांतल्या मुलांसाठीच निघालं. तोही संस्कारच की!

ओहायोकर: कॅम्प क्वेस्टमध्ये मुलांना सांगतात की इथे दोन अदृश्य युनिकॉर्न राहतात, ते नाहीत हे सिद्ध करा. मुलं डोकी खाजवतात आणि पुरावा देण्याची जबाबदारी कुणाची हे त्यांना आपोआप कळतं. यात उत्तर आधी भरवलेलं नाही.

वाटसरू: भरवलेलंच आहे. देव म्हणजे तो युनिकॉर्न, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. माझ्या मुलाला मी तिथेही पाठवणार नाही.

सदाशिव_पेठ: अमेरिकेकडे बोट दाखवताना घरचंही बघा. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली. अठराशेहून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. बारावीला आहे म्हणतात, पण ती जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. बाकीची पोरं कोरडीच राहणार.

कोकणस्थ_टेक्सास: आपल्याकडे दशावतारात हे सगळं आधीच आहे. मासा, कासव, वराह, मग माणूस. वेगळं शिकवायची गरज काय?

सदाशिव_पेठ: उत्क्रांती ही माशापासून माणसापर्यंतची शिडी नाही, तिला फांद्या असतात. माणूस चिंपांझीपासून आला नाही, दोघांचे पूर्वज एक होते. दशावतारातून हे शिकवायला गेलात तर मुलं नेमकं चुकीचं शिकतील. दशावतार दशावतार म्हणूनच सांगा, त्याची थोरवी कमी होत नाही.

ओहायोकर: वाटसरू, 'दोन्ही बाजू' म्हणता ना, मग आमच्या भागातले दगडच बघू. इथे ओहायोतच सीझर क्रीक उद्यानात परवाना घेऊन जीवाश्म वेचता येतात. हत्यार चालत नाही आणि तळहातात मावेल तेवढंच न्यायचं. मुलाला घेऊन गेलो. पायाखालचा चुनखडक ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. शिंपल्यासारखे ब्रॅकिओपॉड, जाळीसारखे ब्रायोझोआ, नशीब असेल तर ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याचा तुकडा. इतक्या जीवाश्मांत एकही सस्तन प्राणी नाही, पक्षी नाही, फूल नाही. आता केंटकीतलं बिग बोन लिक घ्या. पृथ्वी सहा हजार वर्षांचीच असं दाखवणारं, २००७ साली उघडलेलं 'क्रिएशन म्युझियम' त्याच बून काउंटीत आहे. बिग बोन लिकला मॅमथ आणि मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष भाईबंदांची हाडं सापडली, १८०७ साली शोधप्रवासी विल्यम क्लार्कने राष्ट्राध्यक्ष जेफरसनसाठी ती खणून काढली. ती त्या खडकात नव्हती, वरच्या हिमयुगातल्या चिखलात होती. एकाच महापुराने सगळं बुडवलं असतं तर मॅमथचा एक तरी दात ट्रायलोबाइटशेजारी निघाला असता. कुठेच निघालेला नाही. मुलाने हे स्वतः विचारलं, "बाबा, हत्ती खाली का नाहीत?" त्या वहीत या प्रश्नाला जागाच नव्हती. माझं भांडण एवढंच आहे.

नगरची_लेक: दगडांचं पटलं. पाठवूच नये, हे नाही पटलं. माझी मुलगी यंदाही जाणार, तिला तिथली गाणी आणि मैत्रिणी हव्यात. मात्र नाव घालतानाच शिक्षिकेला विचारणार आहे की तारवाचं पान गोष्टीच्या तासाला घेता की विज्ञानाच्या. विज्ञानाच्या म्हणाल्या तर त्या तासाला मी तिला बाहेर बसवीन. बाकी सगळ्या तासांना ती जाईलच.