आर.ई.एम.: जुने अल्बम, नव्या आवृत्त्या आणि आपले कान

सप्टेंबर २०११मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडनं थांबायचं ठरवलं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. पण त्यांचे अल्बम काही थांबले नाहीत. २००८मध्ये ‘मर्मर’ या त्यांच्या पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली तेव्हापासून एकेकाची नवी आवृत्ती निघते आहे: रीमास्टर केलेला, म्हणजे ध्वनी नव्यानं उजळलेला मूळ अल्बम, सोबत एखादी जुनी मैफल किंवा डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं. ज्या अल्बमवर तुमचा जीव जडला, तो नव्या आवृत्तीत तुम्हाला सापडला का? श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत बसू नका, तुमच्या कानांना काय जाणवलं ते लिहा. वाचकांचे प्रतिसाद खाली.

*

माझी सुरुवात ‘आउट ऑफ टाइम’च्या (१९९१) कॅसेटनं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती. त्याआधी ‘लूझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ शेजाऱ्यांच्या केबलवर पाहिला होता. तो तरसेम सिंगनं केलाय, म्हणजे आपल्या जालंधरच्या माणसानं, हे कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! घरी आईनं नाव वाचून विचारलं, “धर्म सोडला म्हणतोय का गं हा?” उत्तर मला फार पुढे मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे हा वाक्प्रचार आहे. सहनशक्ती संपली, आता तोल जाणार, असा काहीसा अर्थ.

२०१६च्या आवृत्तीत या गाण्याचे डेमो आहेत. बँडचा गिटारवादक पीटर बक तेव्हा मँडोलिन हे छोटं तंतुवाद्य नुकतं शिकत होता. डेमो ऐकताना वाटतं, आपण त्याच्या खोलीच्या दाराशी उभे आहोत. मूळ अल्बम मी आजही त्याच क्रमानं ऐकते. त्याच्या दोन बाजूंना ए-बी नव्हे, ‘टाइम साइड’ आणि ‘मेमरी साइड’ अशी नावं आहेत. ऱ्हिदम हाउस २०१६मध्येच बंद झालं. त्या वर्षी ‘मेमरी साइड’ जरा जास्तच ऐकली गेली.

*

मला ‘मॉन्स्टर’बद्दल बोलायचंय, आणि मनापासून बोलायचंय. हा १९९४चा अल्बम. अमेरिकेतल्या जुन्या सीड्यांच्या दुकानांत त्याच्या नारिंगी कव्हरांचे ढीग लागलेले असायचे, इतक्या लोकांनी तो घेऊन विकून टाकला. मी सोलापुरात, वॉकमनवर, बारावीच्या वर्षात ऐकला. गिटारींचा नुसता धुरळा, आणि त्या धुरळ्यापलीकडून कुणीतरी काहीतरी सांगतंय. ते नीट ऐकू येत नाही, म्हणून आपण आणखी कान देतो. माझ्यासाठी तोच अल्बम होता.

२०१९च्या आवृत्तीत निर्माता स्कॉट लिटनं सगळी गाणी नव्यानं मिक्स केली, म्हणजे आवाज आणि वाद्यं यांचं प्रमाण पुन्हा जुळवलं. मूळ मिक्स त्याचंच, आणि तेच त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. नव्यात गायक मायकल स्टाइपचा आवाज पुढे आलाय, गिटारी मागे सरल्यात. ‘लेट मी इन’ हे ‘निर्वाना’ बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या मृत्यूनंतरचं गाणं. आर.ई.एम.चा बासवादक माइक मिल्सनं त्यात वाजवलेली गिटार खुद्द कोबेनची. मूळ मिक्समध्ये ती सगळं व्यापून टाकते आणि स्टाइप तिच्यातून वाट काढत राहतो. नव्यात तो अगदी समोर उभा राहून गातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला. राग आला होता. आठवड्यानं पुन्हा लावलं आणि एक श्वास ऐकू आला, ओळ सुरू होण्याआधीचा. पंचवीस वर्षांत तो मला कधीच ऐकू आला नव्हता. आता दोन्ही जवळ आहेत. पण दुःख मला मूळ मिक्समध्येच दिसतं. दुःखात माणूस इतका स्पष्ट बोलत नाही.

*

वरच्या प्रतिसादाशी असहमत. शब्द कळले म्हणून गूढ जात नाही. मला ‘मॉन्स्टर’ आवडायला लागला तो २०१९मध्येच.

*

मी शिकायला अथेन्सला होतो, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या, म्हणजे आर.ई.एम.च्याच गावी. ‘मर्मर’च्या पुढच्या कव्हरवर कुडझूचं रान आहे. ती वेल तिकडे झाडं, खांब, पडकी घरं सगळं गिळते. आपल्याकडे पावसाळ्यात घाणेरी माजते ना, तशी, पण कैक पटीनं. मागच्या कव्हरवर रेल्वेचा जुना लाकडी पूल. मी तो चालत जाऊन पाहिला होता. खाली ओढा, डास, आणि ओल्या लाकडाचा वास. तिथे उभं राहिल्यावर कळलं की स्टाइपचे ते अर्धवट उमटणारे शब्द या दमट हवेतलेच आहेत.

२००८च्या आवृत्तीतली दुसरी सीडी जरूर ऐका. जुलै १९८३, टोरांटोतला एक छोटा क्लब. अल्बममध्ये सावकाश उलगडणारी गाणी इथे धावत सुटतात आणि बिल बेरीचे ड्रम त्यांना ओढत नेतात.

*

माझी एलपी परदेशातून मागवली, कोपरा चेपून आली, कस्टम्सचे पैसे वेगळे. दुकानानं उत्तरही दिलं नाही. कव्हर नसतं चेपलं तर बरं झालं असतं, पण वाजते सुरेख.

*

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२). बाबा गेले त्या वर्षी माझ्याकडे हा एकच अल्बम होता असं म्हटलं तरी चालेल. ‘नाइटस्विमिंग’मध्ये मिल्सचा पियानो तोच तोच फेरा घेत राहतो, आणि व्हायोलिनं हळूच येऊन टेकतात. ती व्हायोलिनांची रचना लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सची. २०१७मध्ये नवी आवृत्ती आली, वीस डेमोंसकट. तीन वेळा विकत घ्यायला निघाले आणि तीन वेळा थांबले.

शेवटी मुलीनं वाढदिवसाला आणून दिली. डेमो आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात ऐकले, मी शेंगा सोलत होते. कच्ची, अर्धी गाणी. काहींचे शब्दही अजून ठरलेले नाहीत. तिला ती मूळ अल्बमपेक्षा आवडली. बाबांना तिनं पाहिलेलं नाही. मूळ सीडीतली ‘नाइटस्विमिंग’ मी तिला अजून ऐकवलेली नाही, आता या रविवारी लावीन.