मदत हवी आहे: भामरागडच्या सिकलसेल रुग्णांसाठी पावसाळ्याआधीची सोय

नमस्कार मंडळी. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या माडिया आदिवासींच्या काही टोल्यांवर (वस्त्यांवर) आम्ही मित्रमंडळी औषधं पोचवतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो, मग आतल्या टोल्यांचं काय सांगावं! आणि नेमकं त्याच ओल्या, गार दिवसांत सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, दुखणं उसळतं. गेल्या खेपेला एका शाळकरी पोराला पाहिलं. गुडघे पोटाशी घेऊन चुलीजवळ पडलेलं, डोळे पिवळे, पाणी पाजायलाही आईला त्याची मान उचलून धरावी लागत होती. गोळ्या संपल्या होत्या.

फॉलिक ॲसिड आणि पॅरासिटामॉल जमतं. अडतंय ते हायड्रॉक्सीयुरियावर. दुखण्याचे झटके कमी करणारी ती गोळी रोज लागते, पण तिच्यामुळे पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून अधूनमधून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करावीच लागते. नुसता साठा देऊन मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

तर विचारायचं असं, की दुर्गम भागात हे कुणी केलंय का? पूर येण्याआधी सगळ्यांची सीबीसी करून किती दिवसांच्या गोळ्या देता येतात? रक्तविकारतज्ज्ञ कुणी फोनवर सल्ला द्यायला तयार असतील का? शिवाय माडिया बोलणारं कुणी असेल तर डोस आणि धोक्याची लक्षणं सांगणारी छोटी ध्वनिफीत करून हवी आहे. ताप, धाप, छातीत दुखणं दिसलं की वाट बघत थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, हे घरच्यांना त्यांच्या भाषेत कळायला हवं.

पैसे नकोत. माहिती असेल तर कृपया इथंच लिहा.