सातवीची मुले धडा वाचतात, पण अर्थ लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी सहावी ते आठवीच्या वर्गांना भाषा आणि विज्ञान हे दोन्ही विषय शिकवते. सातवीत सात-आठ मुले अशी आहेत की त्यांना वाचता येत नाही असे म्हणता येणार नाही. उभे करून वाचायला सांगितले तर ती परिच्छेद शेवटपर्यंत नेतात, परंतु पुस्तक मिटून 'काय वाचलेस?' असे विचारले की पहिल्या ओळीतले दोन शब्द परत सांगतात आणि गप्प होतात. गेल्या आठवड्यात बाष्पीभवनाचा परिच्छेद वाचून एका मुलीने 'पाणी उकळले की वाफ होते' एवढेच सांगितले. पाणी न उकळताही त्याची वाफ होते, हाच तर त्या परिच्छेदाचा मुद्दा होता. रोज वीस मिनिटे मूकवाचन ठेवून पाहिले, पण ही मुले नुसती पाने उलटत बसतात. या वयात पुन्हा बाराखडी पुढे ठेवली तर त्यांना अपमान वाटेल. काय करावे?

जोडाक्षर यांचे उत्तर

सात-आठही मुलांची अडचण एकच आहे असे धरून चालू नका. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते: वाचून होणारे आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची (अक्षरे पाहून शब्द ओळखण्याची) क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यामुळे एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती फारसे काही लागत नाही.

याची पडताळणी सोपी आहे. सारख्याच काठिण्याचे दोन अपरिचित उतारे घ्या, एक तुम्ही वाचून दाखवा, दुसरा मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि दोन्हींवर तोंडी प्रश्न विचारा. ऐकलेले समजते पण स्वतः वाचलेले समजत नाही, असे दिसले तर अडचण शब्द उलगडण्यात आहे. ऐकलेलेही समजत नसेल तर ती शब्दसंग्रहात किंवा विषयाच्या माहितीत आहे. (त्याआधी डोळे आणि कान तपासून घेतले आहेत ना, हेही पालकांना विचारावे.)

मोठ्याने वाचताना मूल कुठे अडखळते ते शब्दशः टिपून ठेवा. माझ्या अनुभवात या वयाची मुले अक्षरे विसरलेली नसतात. ती पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणतात. 'संवर्धन'चे 'संरक्षण' होते, 'झाडांखालून'चे 'झाडाखाली' होते. अशा मुलांना बाराखडी नको, लांब शब्द फोडण्याची सवय हवी. 'प्रकाशसंश्लेषणासाठी' हा शब्द फळ्यावर लिहून प्रकाश, संश्लेषण आणि साठी असे तुकडे पाडायचे, मधला 'णा' कुठून आला ते विचारायचे आणि मग पूर्ण शब्द वाक्यात वाचायचा. शब्द सातवीच्याच विज्ञानातला असल्यामुळे कोणालाही आपल्याला खालच्या वर्गात ढकलल्यासारखे वाटत नाही.

समासातली टीप यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त ओघवतेपणाविषयी थोडी भर घालतो. शब्द ओळखण्यातच सगळे लक्ष खर्ची पडले तर अर्थासाठी काही उरत नाही. म्हणूनच साधारण शंभर शब्दांचा एकच उतारा, आधी शिक्षकाचे वाचन ऐकून, तीन-चार वेळा वाचायला देण्याची पद्धत उपयोगी ठरते. मात्र घड्याळ जपून वापरा. एका वर्षी मी वेळ मोजून तक्ता लावला आणि महिन्याभरात मुले पूर्णविराम गिळून धावू लागली. शिवाय इंग्रजीसाठी केलेले मिनिटाला इतके शब्द असे तक्ते मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण इंग्रजीत जिथे अनेक शब्द लागतात तिथे आपल्याकडे 'घरासमोरून' हा एकच शब्द असतो.

आणि ओळीने एकेकाला उभे करून वाचून घेणे बंद करा. मुले आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते मोजत बसतात आणि बाकीचा धडा कोणीच ऐकत नाही. त्यापेक्षा जोड्या लावलेल्या बऱ्या.

ताळमेळ यांचे उत्तर

मला मात्र त्या मुलीचे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. ती नीट वाचू शकत असेल आणि तरीही चुकली असेल, तर तिच्या मनात आधीपासून असलेल्या माहितीने पुस्तकातल्या वाक्यावर मात केली, असे मी म्हणेन. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणूनच 'मध्यवर्ती कल्पना शोधा' छापाचे सुटे उतारे रोज सोडवून घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. एकाच विषयावरचे तीन-चार लेख सलग दोन आठवडे वाचू द्या. शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि चौथा लेख पहिल्यापेक्षा कितीतरी हलका जातो.

दुसरे असे की, तुमच्या परिच्छेदाचा सगळा मुद्दा 'न उकळताही' यातल्या 'न' आणि 'ही' या दोन बारक्या अक्षरांवर टांगलेला आहे. 'तथापि', 'परिणामी', 'अन्यथा' हे शब्दही मुले अशीच ओलांडून जातात. 'यातला ही काढला तर काय बदलेल?' हा एक प्रश्न दहा रिकाम्या जागांपेक्षा अधिक काम करतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. या आठवड्यात पाच मुलांची पडताळणी झाली. तिघांना ऐकलेले व्यवस्थित समजले. त्यांच्यासाठी शब्द फोडण्याचे काम रोज दहा मिनिटे सुरू केले आहे. एका मुलाला दोन्हीकडे अडचण आहे, त्याच्या पालकांशी बोलते आहे. पाचवी ती मुलगी. मी वाचून दाखवल्यावरही तिने 'उकळते' असेच सांगितले, तेव्हा ताळमेळ यांचे म्हणणे पटले. मी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि तो वाळेपर्यंत तिला पाहायला सांगितले. नंतर तिने परिच्छेद पुन्हा वाचला, 'न उकळताही'वर बोट ठेवले आणि विचारले, 'म्हणजे फळ्यावरचे पाणी उकळले नाही, तरी गेले?' उरलेल्या तिघांची पडताळणी सोमवारी करते आणि येथेच कळवते.